‘अवकाश’, ‘स्थळ’ की ‘दिक्’? भूगोलातल्या ‘स्पेस’साठी शब्द

प्रश्न:
मानवी भूगोलावरच्या एका पाठाचं मराठी करते आहे. ‘टाइम-स्पेस कन्व्हर्जन्स’, ‘टाइम-स्पेस कम्प्रेशन’ आणि ‘टाइम जिऑग्रफी’ या तीन संज्ञांवर अडले आहे. ‘दिक्काल’ घ्यावा की ‘स्थळ-काळ’?

प्रतिसाद:
‘दिक्काल’ नको. तो भौतिकशास्त्रात रुळलाय, वाचकाला लगेच आइनस्टाइन आठवेल. ‘स्थळ’ भूगोलात ‘प्लेस’साठी राखून ठेवायला हवं. आठवणींनी, वापराने ओळखीची झालेली जागा म्हणजे स्थळ, आणि ‘स्पेस’ त्याहून व्यापक. माझं मत ‘अवकाश’ला. ‘लग्नाला अजून अवकाश आहे’ म्हणताना आपण वेळेबद्दलच बोलतो ना? जागा आणि वेळ दोन्ही पोटात घेणारा शब्द आपल्याकडे आयता आहे, तो सोडू नये.

प्रतिसाद:
‘अवकाश’ म्हटलं की आज यान डोळ्यांसमोर येतं, तरी मलाही तोच योग्य वाटतो. पाठात पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात खुलासा करा. पण तिन्ही संज्ञांना एकाच साच्याचे शब्द देऊ नका, कारण त्यांमागचे विचार फार वेगळे आहेत.

‘कन्व्हर्जन्स’ ही भूगोलतज्ज्ञ डोनाल्ड जॅनेल यांची १९६० च्या दशकातली मांडणी, आणि ती सरळ मोजमाप आहे. एडिंबरो ते लंडन १७७६ मध्ये घोडागाडीने चार दिवस लागत, १९६६ मध्ये विमानाने तीन तासांच्या आत. म्हणजे ही दोन शहरं वर्षाला सरासरी २९ मिनिटांनी एकमेकांच्या जवळ सरकली. इथे ‘अभिसरण’ टाळा, रक्ताभिसरणामुळे वाचक फिरण्याकडे जाईल. ‘काल-अंतर घट’ कसं वाटतं? दिसायला साधं, पण नेमकं.

‘कम्प्रेशन’ मार्क्सवादी भूगोलतज्ज्ञ डेव्हिड हार्वी यांचं, १९८९ चं. त्यांना मिनिटं मोजायची नव्हती. भांडवलाला आपली उलाढाल वेगाने व्हायला हवी असते, त्यासाठी अंतराचे अडथळे पाडले जातात आणि जगणाऱ्या माणसाला जग अंगावर आल्यासारखं वाटतं, हा त्यांचा मुद्दा. ‘संकोच’ म्हटलं तर लाजणं आठवतं, ‘आकुंचन’ आपोआप घडल्यासारखं वाटतं. कुणीतरी दाबतंय हे शब्दात यायला हवं, म्हणून ‘काल-अवकाश संपीडन’. जड आहे, मान्य. पण भूगोलतज्ज्ञ डोरीन मॅसी यांचा आक्षेप याच शब्दाने नीट मांडता येतो: हे दाबणं सगळ्यांना सारखं नसतं. कुणी विमानाने खंड ओलांडतं, कुणी पिशव्या घेऊन बसची वाट पाहत उभं राहतं, आणि वेग कुणाच्या हातात आहे हा सत्तेचा प्रश्न आहे. मला स्वतःला मॅसींशिवाय हार्वी अपुरे वाटतात. पाठात त्या नसतील तर टीप जरूर द्या.

प्रश्नकर्ती:
मॅसी आहेत पाठात! आणि ‘टाइम जिऑग्रफी’?

प्रतिसाद:
‘कालभूगोल’ पुरे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांनी १९७० च्या लेखात तो मांडला. नकाशा खाली आडवा, वेळ वर उभी, आणि माणसाचा दिवस म्हणजे त्यातून वर चढत जाणारी रेघ. स्थिर बसलात तरी रेघ वर जातच राहते, ही कल्पना मला फार आवडते. साडेपाचला कामावरून सुटून सातला पाळणाघर बंद होण्याआधी पोहोचायचं असेल, तर मधल्या दीड तासात बाई कुठे कुठे जाऊ शकते? त्या शक्यतेचा जो आकार बनतो त्याला ते ‘प्रिझम’ म्हणतात. बंधनं तीन: शरीराची आणि साधनांची, इतरांशी वेळ जुळवण्याची, आणि कुणाला कधी कुठे प्रवेश आहे याची.

प्रश्नकर्ती:
‘प्रिझम’ला ‘लोलक’?

प्रतिसाद:
लोलकातून वाचकाला सप्तरंग दिसतील. आकृतीखाली ‘प्रिझम’च ठेवा, मजकुरात ‘आवाका’ लिहा. ‘तिच्या आवाक्यातली ठिकाणं’ हे कुणालाही समजतं, आणि हेगरस्ट्रँड यांनाही तेच म्हणायचं होतं.