'मादी मधमाशी' की नुसती 'मधमाशी'? आणि 'मादी भुंगा' पोखरतो की पोखरते?

सुरंगी
फोंडा तालुक्यातल्या शाळांसाठी मधमाश्यांचा एक ओळखतक्ता इंग्रजीतून मराठीत आणते आहे. नर आणि मादी कशावरून ओळखायचे, एवढाच त्याचा विषय. मी 'मादी मधमाशी' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी 'मधमाशी स्त्रीलिंगीच आहे, द्विरुक्ती होते' म्हणून 'मादी' खोडलं. पुढच्या ओळीत 'मादी भुंगा लाकूड पोखरते' होतं, तिथे 'मादी' राहू दिलं आणि क्रियापद 'पोखरतो' केलं. दोन्हीकडे काय योग्य?

कुळागर
'मादी' ठेवाच. व्याकरणातलं लिंग वेगळं, प्राण्याचं वेगळं. पाल, घार, मुंगी स्त्रीलिंगी आणि उंदीर, कावळा पुल्लिंगी, म्हणून कुणी सगळ्या पाली माद्या आणि सगळे कावळे नर धरत नाही. सातेरीच्या, म्हणजे आपल्याकडे पेटीत पाळतात त्या मधमाशीच्या, पेटीत नरही असतात. त्यांचे डोळे डोक्याच्या माथ्यावर एकमेकांना भिडतात, पोटाचं टोक बोथट असतं, नांगी नसते आणि मागच्या पायाला पराग धरायची जागाही नसते. तक्त्यात एकीकडे 'मधमाशी' आणि दुसरीकडे 'नर मधमाशी' असं छापलं, तर मुलं 'मधमाशी' म्हणजे जात आणि नर म्हणजे त्यातला अपवाद असं वाचतील.

शब्दसाधक
मधमाशीपुरतं मान्य. पण 'मादी भुंगा' कानाला खटकतं. संस्कृतात भ्रमरी आहे, भृंगी आहे. आपल्याकडे तयार शब्द असताना 'मादी' हे ठिगळ कशाला?

सत्तरी
भृंगी म्हटलं की शंकराचा गण आठवतो, आणि तो पुरुष. भ्रमरी म्हटलं की प्राणायाम. वाशाला भोक पडलं की गोव्यात कुठल्याच घरात 'भ्रमरीने पोखरलं' असं म्हणत नाहीत, 'भुंग्याने पोखरलं' म्हणतात.

आणि गंमत अशी की पोखरणारा भुंगा कायम मादीच असते. वाक्याचं लिंग इथे मुद्दामच घसरू दिलं आहे, अडचण दिसावी म्हणून. साधारण बोटाच्या जाडीचं, आखून काढल्यासारखं गोल भोक, खाली भरड भुसा आणि भिंतीवर पिवळट-तपकिरी ओघळ दिसला की आत मादी आहे. भोक थोडं सरळ जातं, मग काटकोनात वळून लाकडाच्या रेषेने पुढे. आत परागाचा गोळा, त्यावर एक अंडं, मग चावलेल्या लाकडाचा पडदा, मग पुढची खोली. ती लाकूड खात नाही, त्यामुळे वाळवीचं औषध चोपडून उपयोग होत नाही. बाहेर तोंडासमोर येऊन हवेत स्थिर राहणारा, घाबरवणारा, तो बहुधा नर. त्याला नांगीच नाही.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कोरडं लाकूड भेदणारा आणि कोवळ्या कळीत सापडणारा भ्रमर आहे. निरीक्षण अचूक, लिंग तेवढं भाषेचं. ज्ञानेश्वरांनी 'भ्रमरी' लिहिलं नाही, मग शाळेच्या तक्त्याने का लिहावं?

शब्दसाधक
काव्यात रूढ शब्द येणारच. तक्ता शास्त्राचा आहे. भ्रमर 'भ्रम्' म्हणजे फिरणे यावरून, भुंगा हे भृंगचं झिजलेलं रूप. मुळाकडे गेलं तर बिघडलं कुठे?

पांटलो
भुंगा हा भुंऽऽ आवाजावरून आलेला वाटतो. भुणभुण, भुंगवणे ही त्याचीच भावंडं.

सुरंगीताई, तुमच्या तक्त्यात भुंग्याला इंग्रजीत नेमकं काय आहे ते बघा. गुबगुबीत, झुबकेदार लवेची थंड प्रदेशातली बंबल-बी असेल, तर ती गोव्यात नाही, भारतात तिचं घर मुख्यतः हिमालय. आपला भुंगा म्हणजे झायलोकोपा, पोटाचा वरचा भाग तुळतुळीत. त्याच्या काही जातींत मादी काळी, छातीवर पिवळी लव, आणि नर अंगभर पिवळसर. मुलं ह्यांना हमखास दोन जाती समजतात. 'लॅटिपेस' ह्या जातीत दोघंही काळे, निळसर-हिरव्या झाकेच्या पंखांचे, पण नराच्या पुढच्या पायांची टोकं रुंद, फिकट केसांची असतात. तो पाय फोटोत दिसला की प्रश्न मिटला.

सुरंगी
झायलोकोपाच आहे. आणखी एक अडचण. 'मादीच्या अँटेनाला बारा सेगमेंट, नराच्या तेरा' हे कसं लिहू? परिभाषेत 'शृंगिका' आणि 'खंड' आहे.

कुळागर
मिशी आणि पेर. बांबूचं पेर, उसाचं पेर, बोटाचं पेर, मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. मोजायची रीतही द्या, नाहीतर सगळे चुकतात. डोक्याला लागून लांब दांडा, ते पहिलं पेर. कोपरात दडलेलं बारकं, ते दुसरं, आणि हेच मोजायचं राहतं. पुढे मादीला दहा, नराला अकरा. दहापट भिंग हवं. फोटो बाजूने काढलेला हवा, समोरून काढला तर पेरं एकावर एक येतात.

पोटावरचे पट्टेही मोजतात, वरून मादीला सहा, नराला सात. पण मेलेल्या, सुकलेल्या माशीचे शेवटचे एकात एक शिरतात आणि सातचे सहा होऊन नराची मादी होते. म्हणून निकाल मिशीवर द्यायचा.

शब्दसाधक
मिशी मांजराला असते, झुरळाला असते, पुरुषाला असते. 'मादीची मिशी' वाचून वर्ग हसेल. शृंगिका लिहा, कंसात मिशी.

सत्तरी
हसू दे, लक्षात राहील. शृंगिका पाठ होते आणि परीक्षेनंतर जाते.

पांटलो
ह्याहून मोठी चूक बहुतेक तक्त्यांत असते: 'मादीच्या पायाला परागपिशवी असते.' पिशवी मुळीच नाही. सातेरी, आग्या, फुलोरी आणि बिननांगीची पोया ह्या मधमाश्यांच्या कामकरी मादीच्या मागच्या पायावर गुळगुळीत, किंचित खोलगट जागा असते, कडेने वाकलेले लांब केस. मधुरसाने भिजवलेला पराग तिथे गोळी करून चिकटतो. ही टोपली. बाकीच्या बहुतेक माश्यांना टोपली नसते, दाट केसांचा कुंचला असतो आणि त्यात पराग कोरडाच अडकतो, बोट लावलं की झडतो. भुंग्याचा कुंचला मागच्या पायांवर. पानं कापणाऱ्या माशीचा पोटाखाली, म्हणून ती फुलावर शेपूट वर करून बसते आणि पोट पिवळं दिसतं. 'पायाला पराग नाही म्हणजे नर' असं शिकवलं तर ही मादी दर वेळी नर ठरेल.

कुळागर
राणीही नर ठरेल. तिलाही टोपली नसते.

आणि थायरियस नावाची माशीही. काळी, निळसर ठिपक्यांची, तुळशीवर येते. ती निळ्या पट्ट्यांच्या माशीच्या घरात अंडं घालते, पराग गोळा करतच नाही, म्हणून मादीला कुंचला नाही. इथे पुन्हा मिशीची पेरंच. निळ्या पट्ट्यांची सोपी: संध्याकाळी सुक्या काडीला जबड्याने धरून रांगेत झोपलेले दिसतात ते नर. मादी मातीच्या भिंतीतल्या आपल्या बिळात असते.

शब्दसाधक
टोपली बाजाराची वाटते. परागकरंडी म्हणा. करंड्यात जपून ठेवतात, टोपलीत ओततात.

पांटलो
करंड्याला झाकण असतं. इथे झाकण नाही, काठ आहे.

सत्तरी
मग परडी. उथळ, उघडी, आणि तिचं नातं फुलांशीच.

शब्दसाधक
परडी मान्य. पण मग 'सातेरी' हा शब्दही तक्त्यात समजावून द्या. गोव्यातलं मूल देवी सातेरीच समजेल. सात पोळी बांधते म्हणून सातेरी.

कुळागर
पोळी सातच असतात असं नाही. लहान वसाहतीत पाच, मोठीत आठ-नऊही. देवी सातेरी वारुळाच्या रूपात पुजतात आणि ही माशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या फटीत, तशी वारुळातही राहते. नाव तिकडून आलं असेल.

पांटलो
मग घाटावर, जिथे सातेरीचं देऊळ नाही, तिथेही तिला सातेरीच कसं म्हणतात?

सुरंगी
'मादी मधमाशी' ठेवते, परडी घेते, मिशी-पेर घेते. भुंग्याची ओळ मात्र अजून तशीच आहे: 'मादी भुंगा लाकूड पोखरतो' की 'पोखरते'?

सत्तरी
'पोखरतो'. क्रियापद नामाच्या मागे जातं. 'मादी कावळा अंडी घालतो' हे विचित्र वाटलं तरी चूक नाही.

कुळागर
'भुंग्याची मादी पोखरते' लिहा. कर्ताच मादी झाली.

शब्दसाधक
'भुंग्याची मादी' म्हणजे भुंगा नवरा आणि ती त्याची बायको. पुन्हा भुंगा नरच ठरला.