वारीतला माझा फोटो टूर्सवाल्याच्या जाहिरातीत, काय करता येईल?

घाटवाट
नमस्कार मंडळी. माऊलींची पालखी दिवे घाट चढताना काढलेला एक फोटो मी फेसबुकवर टाकला होता, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव पण टाकलं होतं. परवा मित्राने लिंक पाठवली, बघतो तर एका टूर्सवाल्याने तोच फोटो फेसबुकवरच्या जाहिरातीला लावलाय, आणि माझं नाव घालवायला खालची अख्खी पट्टीच उडवलीय, त्यात पुढच्या वारकऱ्याच्या हातातले टाळ पण गेले. मेसेज केला तर म्हणे गुगलवर मिळाला, आम्हाला काय माहीत कोणाचा. मी रजिस्ट्रेशन वगैरे काही केलेलं नाही, मग माझा हक्क राहतो का? पैशांचं राहू दे एक वेळ, पण फोटोची अशी वाट लावलेली बघवत नाही.

कॅमेरा_साताऱ्याचा
हक्क तुमचाच आहे दादा, बिनधास्त रहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, फोटो काढला की कॉपीराइट आला, आणि तो हयातभर व नंतर ६० वर्षं राहतो (२०१२ च्या आधी फोटोंना प्रकाशनापासून ६० वर्षंच होती). फेसबुकवर टाकलं म्हणजे परवानगी फेसबुकला मिळते, टूर्सवाल्याला नाही. आणि गुगल नुसतं शोधून देतं, मालकी थोडीच देतं! नाव मुद्दाम काढणं हा कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्याला. आधी स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि तारीख दिसली पाहिजे, आणि रॉ फाईल (कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली फाईल) जपून ठेवा, ती फक्त तुमच्याकडेच असणार. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या कॉपीत कॅमेऱ्याची माहिती उडालेली असते, ती कामाची नाही.

लग्नसराई
एक विचारते, हा फोटो कोणाच्या ऑर्डरवर पैसे घेऊन काढला होता का? कारण तसं असेल आणि लेखी काही ठरलं नसेल तर कलम १७ प्रमाणे कॉपीराइट ऑर्डर देणाऱ्याचा होतो. आमच्या लग्नाच्या धंद्यात हे कित्येकांना माहीतच नसतं. मी आता अॅडव्हान्स घेतानाच कागदावर लिहून घेते की कॉपीराइट माझा, त्यांना घरगुती वापराला फोटो. त्यावरून आजवर एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

घाटवाट
नाही ताई, स्वतःच्या हौसेने काढलेला. जाहिरात काढून टाकायला किती दिवस लागतात?

कॅमेरा_साताऱ्याचा
फेसबुकचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा, मूळ पोस्टची लिंक द्या. आपल्याकडच्या कॉपीराइट नियमाप्रमाणे रीतसर लेखी तक्रार गेली की प्लॅटफॉर्मने ३६ तासांत ते बंद करायचं असतं, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चालू करू शकतात, तेवढं ध्यानात ठेवा. आणि जाहिरात उतरली म्हणून गप्प बसू नका, त्यांनी धंद्यासाठी फोटो वापरलाय, वकिलाकडून नोटीस पाठवून वापराचे पैसे मागा. दाव्यासाठी त्यांच्या गावी खेटे घालायला लागत नाहीत, कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा कोर्टात दाखल करता येतो. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कलम ६३ चा, म्हणजे कॉपीराइट मोडण्याचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय, नोटिशीत तेही लिहायला सांगा.

घाटवाट
खूप आभार दोघांचे. स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, फॉर्म आज रात्री भरतो, आणि नोटिशीत कापलेल्या फोटोशेजारी मूळ फोटो जोडायला सांगतो.