ॲक्सेस: अजून न झालेल्या नोंदीवर फॉर्म कसा उघडावा?

काटेवाला, धरणगाव

नमस्कार. आमच्या जिनिंगमध्ये कापसाची आवक ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये) लिहिली जाते. 'आवक' टेबलात पावती क्रमांक, गाडी नंबर, शेतकऱ्याचे नाव आणि भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन असते. गाडीतून नमुना काढल्यावर ओलावा, कवडीचे (किडक्या, खराब कापसाचे) प्रमाण आणि धाग्याची लांबी 'प्रतवारी' या दुसऱ्या टेबलात जाते. एका पावतीला एकच प्रतवारी. आवकेच्या फॉर्मवर बटण आहे. ते ओपनफॉर्म कमांडला पावती क्रमांकाची अट लावून प्रतवारीचा फॉर्म उघडते. प्रतवारी आधी झालेली असेल तर ती नेमकी समोर येते. अडचण नव्या गाडीची आहे. फॉर्म कोरा उघडतो, ऑपरेटर आकडे भरून तो बंद करतो आणि ती नोंद पावती क्रमांकाशिवायच सेव्ह होते. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली तेव्हा एका दिवसात अशा सात नोंदी बेवारस निघाल्या आणि कोणता ओलावा कोणाच्या कापसाचा, हे कागदी चिठ्ठ्या चाळून ठरवावे लागले.

मग मी प्रतवारीच्या फॉर्मच्या लोड इव्हेंटमध्येच, म्हणजे फॉर्म उघडताच चालणाऱ्या कोडमध्ये, पावती क्रमांक भरून पाहिला. त्याने भलतेच झाले. नुसते बघायला म्हणून फॉर्म उघडून बंद केला तरी एक नोंद तयार होऊ लागली, आणि ओलाव्याच्या फील्डला डीफॉल्ट 0 असल्यामुळे दिवसाचा सरासरी ओलावा एकदम खाली आला. एवढा कोरडा कापूस कुठून आणला, असे मालकांनी विचारले. योग्य पद्धत कोणती?

फैजपूरकर

भाऊ, ओपनफॉर्मला दिलेली अट ही केवळ चाळणी आहे. ती असलेल्या नोंदींतून निवड करते. नव्या नोंदीत काहीही लिहीत नाही. चाळणीत एकही नोंद उरली नाही आणि फॉर्मला नव्या नोंदींची परवानगी असली, की ॲक्सेस कोरी नोंद दाखवते आणि तिला आपली पावती ठाऊक नसते. सबफॉर्ममध्ये (फॉर्मच्या आत बसवलेल्या फॉर्ममध्ये) लिंक मास्टर फील्ड्स व लिंक चाइल्ड फील्ड्स या दोन प्रॉपर्टी हे काम परस्पर करतात, म्हणून तिथे हा प्रश्न कोणाला पडत नाही. आपण सबफॉर्म का वापरला नाही, हे मात्र कळले नाही.

वेगळाच फॉर्म हवा असेल तर अट आहे तशी ठेवावी आणि तोच पावती क्रमांक ओपनआर्ग्जमधूनही, म्हणजे उघडणाऱ्या फॉर्मला सोबत माहिती देण्याच्या जागेतून, पाठवावा. नंतर प्रतवारीच्या फॉर्मच्या बिफोर इन्सर्ट इव्हेंटमध्ये ओपनआर्ग्जमधील किंमत पावती क्रमांकाच्या फील्डला द्यावी. हा इव्हेंट ऑपरेटरने नव्या नोंदीत पहिले अक्षर टाइप करताच घडतो, त्याआधी नाही. त्यामुळे बघून बंद केलेला फॉर्म मागे काही ठेवत नाही, आणि चुकून काही टाइप झाले तर एस्केप दोनदा दाबून ते पुसता येते. आपल्या लोड इव्हेंटची चूक एवढीच होती, की कोणी काही लिहिण्याआधीच त्याने नोंदीला हात लावला.

फॉर्म उघडण्यापूर्वी आवकेची नोंद सेव्ह करून घ्यावी, म्हणजे फॉर्मची डर्टी प्रॉपर्टी (सेव्ह न झालेला बदल आहे का, हे सांगणारी) खरी असेल तर ती खोटी करावी. पावती आधी टेबलात नसेल आणि दोन टेबलांमध्ये रेफरेन्शिअल इंटिग्रिटी (आवकेत नसलेली पावती प्रतवारीत येऊ न देणारा नियम) लावलेली असेल, तर प्रतवारी सेव्ह करताना 3201 क्रमांकाची एरर येईल.

धुळ्याचा जुना ऑपरेटर

वरील उत्तर बरोबर आहे. थोडी भर घालतो. फॉर्म आधीपासून उघडा असेल तर ओपनफॉर्म त्यालाच पुढे आणते आणि ओपनआर्ग्जमध्ये मागच्या गाडीचाच क्रमांक राहतो. बेवारस नोंदीपेक्षा हे वाईट, कारण चुकीच्या शेतकऱ्याच्या नावावर गेलेला ओलावा कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून फॉर्म डायलॉग मोडमध्ये उघडावा, म्हणजे तो बंद केल्याशिवाय आवकेवर परतताच येणार नाही. 'ॲड' हा डेटा मोड वापरण्याचा मोह टाळावा. त्यात जुनी प्रतवारी असली तरी फॉर्म कोराच उघडतो.

फॉर्मची सायकल प्रॉपर्टी 'करंट रेकॉर्ड' करावी. नाहीतर शेवटच्या चौकटीत एंटर दाबले की पुढची कोरी नोंद समोर येते, आणि घाईत असलेला माणूस तिथेही काहीतरी टाइप करतो.

टेबलातही बंदोबस्त हवा. प्रतवारीतील पावती क्रमांकाला 'नो डुप्लिकेट्स' इंडेक्स लावावा, रिक्वायर्ड 'येस' करावे आणि डीफॉल्ट 0 पुसावा. इंडेक्स एकटा पुरत नाही; ॲक्सेसमध्ये तो रिकाम्या किमती कितीही येऊ देतो. जुन्या बेवारस नोंदी मात्र आधी निस्तराव्यात.

काटेवाला, धरणगाव

दोघांचेही आभार. सबफॉर्म न वापरण्याचे कारण साधे आहे: काट्याच्या खिडकीतून शेतकरी पडद्याकडे पाहत असतो, आणि भाव ठरण्याआधी प्रतवारीचे आकडे त्या पडद्यावर उघडे पडावेत, असे मालकांना वाटत नाही. (शेतकऱ्याला ते दिसावेत, असे माझे स्वतःचे मत आहे, पण नोकरी त्यांची आहे.)

बिफोर इन्सर्ट आणि डायलॉग मोड लावून कालचा दिवस काढला. एकही नोंद बेवारस झाली नाही. दोन ठिकाणी मात्र अडलो. ऑपरेटरने कोऱ्या आवकेवरच बटण दाबले तर पावती क्रमांक रिकामा असल्यामुळे अट अर्धवट राहते आणि सिंटॅक्स एरर येते. आता सेव्ह केल्यानंतर क्रमांक रिकामा आहे का ते तपासतो, आणि असल्यास 'आधी गाडी नंबर भरा' असा संदेश दाखवून तिथेच थांबतो.

दुसरी अडचण आमच्याच नियमाची निघाली. रिकाम्या गाडीचे वजन आम्ही सक्तीचे केले होते. नमुना तर गाडी रिकामी होण्याआधीच काढतात, त्यामुळे त्या घटकेला आवक सेव्हच होईना. ती सक्ती आता आवकेच्या टेबलातून काढून पावती छापण्याच्या बटणावर नेली आहे.