लाईम रीजिसला सापडलेला नॉटिलस: जात कशी ओळखायची?

मीठभाकर: इंग्लंडला डॉर्सेटच्या किनाऱ्यावर, लाईम रीजिसच्या मॉनमथ बीचवर एक गरगरीत दगड मिळालाय. तळहाताएवढा, करड्या चुनखडीचा. एक बाजू लाटांनी घासून गुळगुळीत झालीय, तिथे कप्प्यांच्या बाकदार भिंती दिसतात आणि मध्ये पिवळसर कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) भरलंय. नवरा म्हणतो अमोनाइट, मला नॉटिलस वाटतोय (दोन्ही कप्प्याकप्प्यांच्या वेटोळ्या कवचाचे समुद्री जीव). जात कळेल का? आणि बाकीचा चिकटलेला दगड काढायला व्हिनेगरमध्ये ठेवू का?

कातळवेडा: व्हिनेगर अजिबात नको! दगड चुनखडीचा, आतला जीवाश्मही कॅल्साइटचा, दोन्ही मिळूनच विरघळतील. साधं पाणी आणि जुना टूथब्रश, बस.

आता नळी शोधा. कप्प्यांच्या प्रत्येक भिंतीतून एक बारीक नळी आरपार जाते, तिला सायफंकल म्हणतात. अमोनाइटमध्ये ती वेटोळ्याच्या अगदी बाहेरच्या कडेला असते, तुमच्या किनाऱ्यावरच्या नॉटिलसमध्ये साधारण मध्यावर. भिंत जिथे कवचाला टेकते ती रेघ अमोनाइटमध्ये कोबीच्या पानाच्या कडेसारखी चुरमडलेली असते, नॉटिलसमध्ये साधी, जरा नागमोडी. पण ही रेघ घासलेल्या छेदात दिसत नाही, वरचं कवच निघालेलं असेल तिथेच दिसते.

तिथले ब्लू लायस नावाच्या खडकाचे थर साधारण २० कोटी वर्षांपूर्वीचे. नॉटिलस निघाला तर प्रजाती (म्हणजे जातींचा गट, genus) बहुधा सेनोसेरास.

दर्याकिनारी: आणि तिथेच थांबा. सेनोसेरासच्या जाती वेटोळ्याच्या छेदाचा आकार, नाभीची (वेटोळ्याच्या मधल्या खळग्याची) रुंदी आणि कवचावरची बारीक रेघांची जाळी बघून ठरवतात. घासलेल्या दगडावर जाळी कुठून उरणार? एका फोटोवरून बिनदिक्कत ‘स्ट्रायेटम’ जात म्हणणारे खंडीभर भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. जवळच चारमथला हेरिटेज कोस्ट सेंटर आहे, तिथे नेऊन दाखवा. पुन्हा शोधायला गेलात तर ओहोटी बघून जा, सुटे पडलेलेच उचला आणि कड्याच्या पायथ्याशी रेंगाळू नका, दरडी कोसळतात.

सोलकढीप्रेमी: हरिहरेश्वरला मिळेल का हो असं काही?

कातळवेडा: नाही. कोकणात बेसाल्ट (लाव्हाचा खडक) आणि जांभा. ज्युरासिक नॉटिलस बघायचे तर कच्छ गाठा, पण तिथेही समुद्रकाठी नव्हे, आतल्या डोंगरांत आणि ओढ्यांत.

मीठभाकर: नळी सापडली! भिंतीत गोल ठिपका आहे, कडेपासून चांगलाच लांब. नवरा अजून ऐकत नाहीये, ते सोडा. न घासलेल्या बाजूला नखाला जाणवतील अशा उभ्या-आडव्या रेघा आहेत. ही तीच जाळी का?

दर्याकिनारी: असू शकते! मग त्या बाजूला ब्रशही लावू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून, टॉर्च तिरपा धरून फोटो काढा: एक नाभीकडून, एक तोंडाकडून, एक पाठीवरून. सेंटरला जाताना दगड मात्र सोबत न्या.