नाताळात मुलांना द्यायला कसं शिकवावं? (घरात कशाचीच ददात नाही)

काजवा: मुलं ६, ९ आणि १२ वर्षांची. नाताळात सगळ्या नातेवाइकांकडून भेटींचा ढीग येतो. आम्ही दरवर्षी गरजू मुलांच्या संस्थेला मोठी देणगी देतो, पण मुलांना त्याचं सोयरसुतक नाही. काय करावं?

पाटीपेन्सिल: देणगी तुमच्या खात्यातून जाते, मुलांचं काहीच कमी होत नाही. अडतं ते तिथेच. एकनिन, हॅमलिन आणि डन या मानसशास्त्रज्ञांच्या २०१२च्या प्रयोगात दोन वर्षांखालची मुलं खाऊ मिळताना दिसली त्यापेक्षा तो दुसऱ्याला देताना जास्त खूश दिसली. स्वतःच्या वाट्यातला देताना तर आणखी.

म्हणून ऑक्टोबरपासूनच खाऊच्या पैशांच्या तीन बरण्या करा: खर्च, बचत, देणं. तिसरीत किमान दहावा हिस्सा. धाकट्यासाठी बरणी पारदर्शक हवी, पैसे वाढताना दिसले पाहिजेत. डिसेंबरात साठलं असेल तेवढ्यातच वस्तू घ्यायची. भर घालायचा मोह तुम्हालाच होईल, घालू नका.

उंबरठा: खरेदीआधी, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, संस्थेकडून हव्या असलेल्या वस्तूंची यादी घ्या. नाहीतर मऊ खेळण्यांचा ढीग लागतो आणि चौदा-पंधरा वर्षांच्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. कपड्यांची, बुटांची मापं विचारा. भेट गुंडाळू नका, कागद वेगळा द्या; वय पाहून वाटण्याआधी तिथे वस्तू तपासावी लागते. सेलवर चालणारं खेळणं असेल तर सेलही द्या. बटण सेलचं (बटणाएवढा चपटा सेल) मात्र नकोच: गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते.

संस्थेला जुनी खेळणी चालत असतील तर तुकडे मोजून, पुसून द्या. पण नको झालेलं देणं म्हणजे कपाट आवरणं, त्याला औदार्य म्हणू नका.

काजवा: थोरला कुरकुरतो. ‘दिलंस तर नवा गेम’ असं सांगितलं तर?

पाटीपेन्सिल: अजिबात नको. वॉर्नेकन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८मध्ये २० महिन्यांच्या मुलांत पाहिलं, की मदतीबद्दल वस्तू मिळालेली मुलं पुढे कमी मदत करू लागली. त्यापेक्षा कुणाला द्यायचं ते त्याला ठरवू द्या. प्राण्यांचा निवारा निवडला तरी हरकत नाही. यादीसाठी फोनही त्यानेच करावा.

उंबरठा: देताना फोटो काढू नका, घेणाऱ्या मुलाला ओशाळं वाटतं. नातेवाइकांना आत्ताच सांगा: प्रत्येक मुलाला एकच भेट. आणि जानेवारीत बरणी रिकामी ठेवू नका. सणानंतर देणारे आटतात, साबण-वह्या मात्र तेव्हाही लागतात.