मदत हवी आहे : सन 1987 च्या वाटणीच्या दाव्याची नक्कल, पण दाव्याचा क्रमांक अर्धाच वाचता येतो

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी आजोबा आणि त्यांच्या चुलतभावांमध्ये वावराच्या वाटणीचा दावा चालला होता. निकाल आजोबांच्या बाजूने लागला, असे घरात सगळेच सांगतात. पण सातबारा काही वेगळा झाला नाही आणि पेरणीच्या तोंडावर धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) दरवर्षी कुरबुर ठरलेली आहे. आता तलाठ्यांनी हुकूमनाम्याची (निकालानंतर न्यायालयाने काढलेल्या औपचारिक आदेशाची) प्रमाणित नक्कल मागितली आहे.

आजोबांच्या लोखंडी पेटीत कोर्ट-फी तिकीट लावलेला एक कागद सापडला. त्यावर ‘रे. मु. नं.’ (नियमित दिवाणी दाव्याचा क्रमांक) पुढे 4 हा आकडा आणि शेवटी 1987 एवढेच दिसते, मधला भाग वाळवीने नेला. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर आजोबांच्या नावाने शोधले, तरी काही हाती लागले नाही. ई-कोर्टवर प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक तर त्या काळच्या कागदावर असणारच नाही. माहिती अधिकाराचा विचारही केला होता, परंतु न्यायालयीन कागदपत्रांसाठी न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच अर्ज करावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 4 मार्च 2020 चा निकाल असल्याचे कळल्यावर तो नाद सोडला.

अपुऱ्या क्रमांकावरून नक्कल विभाग शोध घेतो का? आणि आजोबा हयात नसल्यामुळे मला पक्षकाराचा वारस मानतील, की त्रयस्थ म्हणून कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र मागतील?

प्रतिसाद :

दादा, अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडावा, म्हणजे दुसरा प्रश्न बहुधा उद्भवणार नाही. क्रमांकासाठी मात्र आधी न्यायालयाबाहेर शोधा, असे माझे मत आहे. महसूल आकारणी असलेल्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला दुय्यम अधिकारी करतो, न्यायालय स्वतः करत नाही. तुमचा सातबारा एकत्रच राहिला, याचे कारण कदाचित तिथेच अडकलेले असेल. हुकूमनामा त्या वेळी महसूल विभागाकडे गेला होता का, हे आवक नोंदवहीत पाहा. न्यायालयाचे पत्र सापडल्यास त्यावर दाव्याचा पूर्ण क्रमांक मिळेल. जुने फेरफारही उलगडून बघा. चुलतभावांनी जिल्हा न्यायालयात अपील केले असेल, तर अपिलाच्या निकालातही मूळ दाव्याचा क्रमांक असतो, तेव्हा एकदा त्यांच्याच घरी विचारलेले बरे, धुरा थोडा वेळ बाजूला ठेवून.