अनुदान मत्स्यबीजाला हवे

महाराष्ट्राने पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा घोषित केल्यामुळे देशी माशांच्या संवर्धनाला चालना मिळेल, असे एक मत मांडले गेले आहे; ते मला थोडे भाबडे वाटते. पापलेट समुद्रातला मासा आहे, त्याला खरी गरज आहे ती पिल्ले पकडण्यावर निर्बंधांची. तळ्याच्या मत्स्यशेतीचा प्रश्न वेगळा आहे.

आपल्याकडे तलावात सोडले जाणारे कटला, रोहू आणि मृगळ भारतीय असले तरी मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे, आणि १९५२ मध्ये देशात आणलेली चिलापी (तिलापिया) तर कोणी न सांगता स्वतःच वाढते. मग जिवंत विकल्यास उत्तम भाव मिळणारी आपली मरळ शेतकरी का पाळत नाही? कारण बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्ले, मिळत नाही. मरळीची पिल्ले एकमेकांना खातात. दर काही दिवसांनी ती जाळीतून गाळून लहान-मोठी वेगळी केली नाहीत, तर हौदात मोजकीच धष्टपुष्ट पिल्ले उरतात (आणि मालकाचा चेहरा उतरतो). एवढी मेहनत घेणाऱ्या बीजकेंद्राला त्याच्या जोखमीचा मोबदला मिळायला हवा.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य मिळते. माझ्या मते राज्याने त्यात देशी जातींच्या बीजकेंद्रांसाठी स्वतःची भर घालावी आणि तलावांचे ठेके देताना काही टक्के देशी बीज सोडण्याची अट घालावी. मात्र ते बीज तलाव ज्या नदीच्या खोऱ्यात आहे, तिथल्याच प्रजनक माशांपासून तयार केलेले असावे.